लायसन्सिंगसाठी ट्रॅकच्या आवृत्त्या: मिक्सपासून फोल्डरपर्यंत

जाहिरात, मालिका, वेब सिरीज किंवा माहितीपटासाठी संगीत देताना एकच स्टिरिओ फाइल पाठवली, तर काम अर्धंच झालेलं असतं. ट्रॅक पसंत करतो दिग्दर्शक किंवा एजन्सीचा माणूस, पण तो चित्रावर बसवतो एडिटर. संवाद सुरू झाला की त्याला बासरी नको असते. पुढच्या शॉटला ढोलकी हवी असते पण गाणं नको असतं. आणि शेवटी लोगो आला की नेमक्या त्या फ्रेमवर सम पडायला हवी असते. बहुतेक वेळा हे रात्री, घाईत चाललेलं असतं. तुम्हाला फोन न करता त्याला हे सगळं जमलं, तर तुमचा ट्रॅक चित्रावर टिकतो. नाही जमलं, तर तो दुसरा ट्रॅक उचलतो.

म्हणून सगळ्या पूर्ण लांबीच्या आवृत्त्यांना एकच अट लावायची: त्या एकाच बिंदूपासून सुरू झाल्या पाहिजेत, एकाच बिंदूवर संपल्या पाहिजेत आणि त्यांच्यातली वाद्यं एकाच पातळीवर वाजली पाहिजेत. टाइमलाइनवर एकाखाली एक ठेवून कुठेही कापलं आणि दुसरीवर उडी मारली, तरी ताल चुकता कामा नये, ढोलकीचा आवाज वरखाली होता कामा नये. पुढचं बहुतेक सगळं याच अटीतून निघतं.

उदाहरणासाठी एक ट्रॅक धरू. १२० बीपीएम (म्हणजे मिनिटाला १२० मात्रा), चार मात्रांचा बार, एकूण ७२ बार. एक बार दोन सेकंदांचा, म्हणजे संगीत २ मिनिटं २४ सेकंदांचं. शेवटच्या आघाताची टेल, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, विरायला चार सेकंद धरले तर फाइल २ मिनिटं २८ सेकंदांची. वाद्यं: हलगी, संबळ, ढोलकी, बास, सिंथ पॅड, बासरी; मुख्य गायक आणि मागे झील धरणारे तिघं.

कोणत्या आवृत्त्या कराव्यात

या ट्रॅकच्या पूर्ण लांबीच्या सात आवृत्त्या निघतात आणि त्या सातही कामाच्या आहेत.

पहिली मूळ, सगळ्यासकट. दुसरी इन्स्ट्रुमेंटल, म्हणजे मुख्य आवाज आणि झील दोन्ही बंद. एकच जाहिरात हिंदी, मराठी, तमिळ, बंगालीत जाते तेव्हा हीच लागते, त्यामुळे एजन्सी ही सगळ्यात आधी मागते. तिसरी मुख्य गायकाविना पण झीलसह: लोकसंगीताचा रंग राहतो आणि शब्द संवादाच्या आड येत नाहीत. झीलमध्येही अर्थाचे शब्द असतील तर त्याऐवजी हुंकार किंवा नुसता आकार रेकॉर्ड करून ठेवावा. गायक बूथमध्ये असतानाच दहा मिनिटं जास्त घेतली की काम होतं. नंतर त्यालाच परत बोलवायचं म्हणजे पुन्हा स्टुडिओचं भाडं आणि बदललेला आवाज.

चौथी अंडरस्कोर, म्हणजे मुख्य सुरावट काढलेली. ही सर्वाधिक वापरली जाते आणि हिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होतं. माणसाच्या बोलण्यातली स्पष्टता साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. बासरी, सनई, सारंगी, हार्मोनियम यांचा जोरही तिथेच. त्यामुळे संवादाखाली बासरी चालू राहिली की मिक्स करणारा सगळा ट्रॅकच खाली ओढतो आणि तुमचा ठेका दिसेनासा होतो. मात्र बासरी नुसती म्यूट करून अंडरस्कोर होत नाही. जिथे बासरीच सगळं पेलत होती तिथे भोक पडतं. तिथे पॅड थोडा उघडा, किंवा हार्मोनियमचा नुसता षड्ज-पंचम धरून ठेवा. अंडरस्कोर स्वतंत्रपणे ऐकला तरी पूर्ण वाटला पाहिजे.

पाचवी तालाविना: हलगी, संबळ, ढोलकी बंद. माहितीपटवाले आणि मालिकांच्या भावुक प्रसंगांसाठी संगीत शोधणारे ही घेतात. सहावी हलकी, म्हणजे जड चर्मवाद्यं बंद, पण टाळ किंवा चिपळीसारखं काही हलतं ठेवलेलं. सातवी नुसत्या तालाची. परदेशी ग्राहकांकडे ड्रम सेटचे ट्रॅक ढिगाने असतात. संबळ-हलगीचा स्वच्छ, कापता येईल असा ठेका मिळणं कठीण. त्यामुळे ही आवृत्ती आळसाने गाळू नका.

सगळ्यांना सगळं लागत नाही. मालिकेला छोटे आघात आणि अंडरस्कोर लागतात, जाहिरातीला सेकंदांत मोजलेले कट, वेब सिरीज आणि चित्रपटाला स्टेम, म्हणजे ताल, बास, आवाज अशा एकेका गटाची वेगळी फाइल. तरीही मिक्स मंजूर झाला त्याच दिवशी सगळं काढून ठेवावं. सहा महिन्यांनी प्रोजेक्ट उघडला की एखाद्या प्लगइनचं लायसन्स संपलेलं असतं, सॅम्पलचा फोल्डर हललेला असतो आणि इन्स्ट्रुमेंटल मूळ मिक्सशी जुळत नाही.

रेकॉर्डिंगच्या वेळी ठरणाऱ्या गोष्टी

ढोलकी आणि गायक एकाच खोलीत समोरासमोर बसवले, तर ढोलकीच्या माइकमध्ये गाणं शिरतं. मग इन्स्ट्रुमेंटलमध्ये मागे कुठेतरी शब्द ऐकू येतात. तो ट्रॅक डब केलेल्या जाहिरातीला चालत नाही, कारण तमिळ गाण्याखाली मराठी कुजबुज राहते. सोबतीची मजा हवी असेल तर एकत्र वाजवा, पण त्या वेळचं गाणं नमुन्यापुरतं धरा, माइकपासून दूर किंवा दुसऱ्या बूथमध्ये ठेवा आणि अंतिम गाणं नंतर वेगळं घ्या. हार्मोनियम-तबल्याचंही तेच.

झालेल्या मिक्समधून आवाज वेगळा काढणारी सॉफ्टवेअर आता बरीच चांगली झाली आहेत, पण टाळ-झांजेचा आवाज त्यातून पाण्याखालून आल्यासारखा बाहेर पडतो आणि ‘स’, ‘श’ मागे राहतात. जुन्या ट्रॅकचा प्रोजेक्टच हरवला असेल तेव्हा नाइलाजाने वापरा आणि ग्राहकाला तसं कळवा.

लायसन्सिंगसाठीच ट्रॅक करत असाल तर क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरावीक ठोक्यांवर, वाजवा. लय मोकळी ठेवायची असेल तर रेकॉर्डिंगनंतर प्रत्येक समेवर खूण करून टेम्पो मॅप, म्हणजे लय कुठे किती आहे याचा नकाशा, बनवा. मोकळ्या लयीचा तबला ताणून क्लिकला बसवण्याचा मोह टाळा: टाइम-स्ट्रेचने डग्ग्याची घिस थरथरते आणि ते लहान स्पीकरवरही कळतं.

प्रोजेक्ट तयार करणं

आवृत्त्या काढण्याआधी सगळे सॉफ्टवेअर वाद्यांचे ट्रॅक ऑडिओत उतरवून घ्या. सॅम्पल वाद्यं दर वेळी वेगळा आघात निवडतात, कोरस-फ्लँजरसारखे इफेक्ट दर वेळी वेगळ्या जागी सुरू होतात. त्यामुळे दोन रेंडर, म्हणजे प्रोजेक्टमधून काढलेल्या तयार फाइल, कधीच अगदी सारखे येत नाहीत.

मग ट्रॅक गटांत बांधा: ताल, बास, सुरांची साथ, मुख्य सुरावट, मुख्य आवाज, झील. प्रत्येक गटाला त्याची स्वतःची रिव्हर्ब आणि डिले द्या. एकाच रिव्हर्बवर सगळे गट पाठवले असतील, तर स्टेम काढताना गोंधळ होतो: आवाज म्यूट केल्यावरही त्याची टेल कुठेतरी वाजत राहते, किंवा कोरडा स्टेम जातो आणि एडिटरकडे तो मिक्ससारखा वाटत नाही. सहा रिव्हर्बनी कॉम्प्युटर थकत असेल तर रिव्हर्बही ऑडिओत उतरवा.

साइडचेन, म्हणजे एका ट्रॅकच्या आवाजाने दुसरा दाबण्याची जोडणी, तपासा. ढोलकी पडली की बास दबावा असं लावलेलं असेल, तर ढोलकी म्यूट केल्यावर दबणं थांबतं आणि तालाविना आवृत्तीत बास अचानक जाड होतो. उपाय सोपा आहे: ढोलकीची एक प्रत वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, तिचं आउटपुट मास्टरला न देता फक्त साइडचेनला द्या आणि ती कधीही म्यूट करू नका.

सगळ्यात जास्त घोळ मास्टर बसवर, म्हणजे सगळे गट एकत्र येतात त्या शेवटच्या वाटेवर, होतो. मूळ मिक्समध्ये आवाज आणि ताल एकत्र येऊन लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) ५-६ डेसिबल दाबत असेल, तर आवाज काढताच दाबणं कमी होतं आणि हलगी उसळून वर येते. मग एडिटरने मूळवरून इन्स्ट्रुमेंटलवर उडी मारली की ठेका मोठा होतो. मास्टर लिमिटर १ ते २ डेसिबलच दाबेल असं ठेवा. जो जोर हवा तो गटांच्या बसवर आणा, तिथे म्यूटचा परिणाम दुसऱ्या गटावर होत नाही. बस कॉम्प्रेसर हवाच असेल तर त्याच्या साइडचेनला पूर्ण मिक्सचा सिग्नल द्या, म्हणजे आवृत्ती कोणतीही असो, दाबणं एकसारखं होतं.

रेंडर आणि तपासणी

सुरुवात आणि शेवट खुणांनी पक्का करा. पहिली मात्रा फाइलच्या अगदी शून्यावर ठेवली तर काही वेळा हलगीच्या आघाताची धार कापली जाते. आघात किती आधी सुरू होतो ते मोठं करून पाहा. गरज असल्यास सगळ्याच फाइल ठरावीक अंतराने, समजा एका फ्रेमने, आधी सुरू करा. भारतातल्या टीव्हीचा वेग सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. मात्र हे सातही आवृत्त्यांना आणि सगळ्या स्टेमना सारखंच लागू करा.

रेंडरमधला नॉर्मलाइज पर्याय बंद ठेवा. तो चालू राहिला तर तालाविना आवृत्ती आपोआप मोठी होऊन मूळच्या पातळीला येते. मग पॅड आणि बासरी मूळ मिक्सपेक्षा कितीतरी जोरात वाजतात आणि आवृत्त्या एकमेकांशी जुळत नाहीत. अंडरस्कोर मूळपेक्षा हळू वाजला तर ते बरोबरच आहे.

रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रीजन बांधून रेंडर मॅट्रिक्समधून सगळ्या फाइल एका फटक्यात काढता येतात. प्रो टूल्समध्ये एकाच बाउन्समध्ये अनेक बस निवडता येतात. हाताने एकेक काढलीत तरी चालेल, पण मग कोणता गट कधी म्यूट केला याची यादी समोर ठेवा. ‘तालाविना’मध्ये राहून गेलेली एक टाळाची ओळ हा नेहमीचा प्रकार आहे.

आता पोलॅरिटीची चाचणी. नव्या प्रोजेक्टमध्ये सगळे स्टेम शून्यापासून ठेवा, फेडर शून्य डेसिबलवर. खाली मूळ मिक्सची लिमिटरशिवाय काढलेली फाइल ठेवून तिची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची वर-खाली दिशा, उलटी करा. सगळं बरोबर असेल तर शांतता मिळते. शांतता मिळाली नाही तर काय ऐकू येतं त्यावरून दोष ओळखता येतो. एखादं वाद्य स्पष्ट ऐकू आलं तर ते स्टेममध्ये सुटलंय किंवा दोनदा गेलंय. नुसतं घुमणं ऐकू आलं तर रिव्हर्ब राहिलीय. सगळंच पातळ, खरखरीत ऐकू आलं तर काही मिलिसेकंदांची सरक आहे, बहुधा प्लगइनच्या विलंबामुळे. आणि आघातांच्या वेळीच काही उरत असेल, तर मास्टर बसवर कुठेतरी कॉम्प्रेसर चालू राहिलाय.

सेकंदांचे कट

भारतात टीव्हीवरचा जाहिरातीचा वेळ दहा सेकंदांच्या हिशोबाने विकला जातो, त्यामुळे १०, २०, ३० आणि ४० सेकंदांचे कट इथे खूप लागतात. परदेशी ग्राहक १५, ३० आणि ६० मागतात. यूट्यूबची बंपर जाहिरात जास्तीत जास्त सहा सेकंदांची. शक्य असेल तर ६०, ३०, २०, १५, १० आणि ६ असे सहा कट करा. आवाज असलेले आणि नसलेले दोन्ही.

हिशोब असा. चार मात्रांच्या बारची लांबी म्हणजे २४० भागिले बीपीएम. ३० सेकंदांच्या कटमध्ये शेवटचा आघात साधारण २७ ते २८.५ सेकंदांच्या दरम्यान पडावा आणि टेल २९.५ पर्यंत पूर्ण विरावी. शेवटचा अर्धा सेकंद शांत. आपल्या १२० बीपीएमच्या ट्रॅकमध्ये १४ बार म्हणजे बरोबर २८ सेकंद, तिथे शेवटची सम. ६० साठी २८ बार, सम ५६ वर. २० साठी नऊ बार, सम १८ वर. १५ साठी सात बार घेतले तर सम १४ वर पडते आणि टेलला जेमतेम अर्धा सेकंद उरतो, तो कापल्यासारखा वाटतो. सहाच बार घ्या, सम १२ वर, आणि टेल मोकळी सोडा. १० साठी चार बार, ६ साठी दोन.

बीपीएम असा सोयीचा नसेल तरी घाबरायचं कारण नाही. ९७ बीपीएमला बार २.४७ सेकंदांचा, अकरा बार २७.२ सेकंदांना संपतात, चालतं. बारा घेतले तर २९.७, टेलला जागाच नाही. ताल चारच्या पटीत नसेल तर आवर्तन मोजा: एक मात्रा म्हणजे ६० भागिले बीपीएम. सात मात्रांचा रूपक १०५ बीपीएमला बरोबर चार सेकंदांचं आवर्तन देतो, सात आवर्तनांत २८ सेकंद. ट्रॅक लिहितानाच असा बीपीएम निवडला की कट आपसूक बसतात. १२१ किंवा ११९ला वाजवून फरक पडत नसेल तर १२० धरा.

कटला गोष्ट हवी. मूळचे पहिले ३० सेकंद तोडून शेवटी फेड लावणं म्हणजे कट नव्हे; जाहिरातीत उत्पादन दिसायच्या वेळी तिथे अजून प्रस्तावनाच चाललेली असते. आपल्या १४ बारांची वाटणी अशी करता येईल: प्रस्तावनेचे दोन, मुखड्याचे चार, चढत्या भागाचे सहा आणि शेवटी तिहाईचे (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याचे) दोन. आपल्या तालपरंपरेत शेवटासाठी तिहाईसारखं साधन तयार आहे, ते वापरा. प्रेक्षकाला तालाचं काही कळत नसलं तरी तिसऱ्या वेळेला सम येणार हे त्याला जाणवतं, आणि एडिटरला लोगो कुठे टाकायचा ते आयतं मिळतं.

तिची मोजणीही या चौकटीत नेमकी बसते. अर्ध्या मात्रेचं एक एकक धरा, १२० बीपीएमला पाव सेकंद. ‘ति ट क त धा’ ही पाच एककं, मग एक एकक विराम, असं तीनदा. पाच त्रिक पंधरा आणि मधले दोन विराम, एकूण सतरा. सतरावं एकक म्हणजे शेवटचा धा. तो २८ व्या सेकंदाला समेवर हवा, तर त्याआधी सोळा एककं, म्हणजे चार सेकंद, म्हणजे बरोबर दोन बार. बाराव्या बारच्या शेवटी, २४ व्या सेकंदाला तिहाई उचला. ही तिहाई रेकॉर्डिंगच्या दिवशीच वेगळी वाजवून घ्यावी, टेल पूर्ण विरेपर्यंत, वादकाला हात न हलवता बसवून. मूळ ट्रॅकचा शेवट हळूहळू विरणारा असेल तर ही एक फाइल सगळ्या कटचा शेवट सावरते.

कापायचं ते तयार स्टिरिओवर नको, मल्टिट्रॅकवर किंवा स्टेमवर. स्टिरिओ कापला की आधीच्या भागाच्या रिव्हर्बची टेल मधेच तुटते आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला त्याच्या आधीच्या, आता नसलेल्या भागाची टेल ऐकू येते. स्टेमवर तालाचा कट समेच्या किंचित आधी, आघाताला धक्का न लावता, ५ ते १० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने (एक विरताना दुसरा वर येतो तो जोड) करा; पॅडला अर्धा-एक सेकंदाचा क्रॉसफेड द्या; आवाजाचा श्वास शब्दाबरोबर ठेवा, तुटलेला श्वास कानाला लगेच खटकतो. स्वर बदलणाऱ्या जागांकडे लक्ष द्या. मुखड्याचा शेवट पंचमावर आणि पुढचा तुकडा कोमल गंधारावर सुरू होत असेल, तर लय जुळूनही जोड उघडी पडते. तसं झालं तर जोडावर एक संबळाची उठाण किंवा झांजेचा आघात टाका.

आघात आणि लूप

मालिकेसाठी दोन ते पाच सेकंदांचे पाच-सहा आघात काढून ठेवा: एक भारी शेवट, एक मोकळा प्रश्नार्थक, एक नुसता तालाचा, एक नुसता सुराचा. मूळ ट्रॅकच्याच पट्टीत असले की एडिटर ते कुठेही जोडू शकतो.

लूप काढताना बहुतेकांचा जोड ऐकू येतो, कारण लूपच्या शेवटची टेल सुरुवातीला नसते. लूपचा, समजा आठ बारांचा, भाग टाइमलाइनवर सलग दोनदा ठेवा आणि फक्त दुसरा फेरा रेंडर करा. पहिल्या फेऱ्याची टेल त्याच्या सुरुवातीला आपोआप येते. लूप एमपी३मध्ये कधीही देऊ नका. एमपी३ बनताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता मिसळते, आणि फेरा दर वेळी अडखळतो.

फॉरमॅट आणि पातळी

मुख्य फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. चित्राचं काम ४८ वरच चालतं. प्रोजेक्ट ४४.१ वर केलेला असेल तर चांगल्या कन्व्हर्टरने ४८ करा आणि मगच पाठवा. रूपांतर न होता ४४.१ ची फाइल ४८ ने वाजली, तर ती जवळजवळ दीड सेमीटोन चढते आणि ३० सेकंदांचा कट २७.५६ सेकंदांत संपतो. कट छोटा आलाय अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हे तपासा.

ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा, कारण एमपी३ करताना शिखरं थोडी वर जातात. लाउडनेससाठी हाणामारी करू नका. प्रसारणाची अंतिम पातळी युरोपच्या आर१२८ मानकाप्रमाणे उणे २३ आणि अमेरिकेच्या ए/८५ प्रमाणे उणे २४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं एकक) असते. ती संवाद आणि संगीत मिळून लागू होते आणि मिक्स करणारा ती सांभाळतो. तुमचा ट्रॅक उणे १४ ते उणे ११ च्या आसपास असला तर निवडताना इतरांपुढे फिका पडत नाही आणि हलगीचा टोलही जिवंत राहतो. स्टेम मात्र लिमिटरशिवाय द्या, एकत्र वाजवल्यावर शिखर उणे ६ च्या आसपास राहील असे.

ऐकून निवडण्यासाठी ३२० केबीपीएसचा एमपी३ वेगळा द्या. वेव्हसोबत फक्त तोच पुरेसा आहे.

नावं आणि माहिती

फाइलचं नाव रोमन लिपीत, जागा न सोडता, ‘_’ या चिन्हाने जोडलेलं. देवनागरी नावं जुन्या एडिटिंग सिस्टिमवर किंवा झिप उघडताना चौकोन-प्रश्नचिन्हं होतात. क्रम एकच ठेवा: ट्रॅकचं नाव, आवृत्ती, लांबी, बीपीएम, पट्टी. आवृत्तीआधी दोन अंकी क्रमांक द्या, ०१ मूळ, ०२ इन्स्ट्रुमेंटल, म्हणजे कोणत्याही कॉम्प्युटरवर फाइल त्याच क्रमाने दिसतात. ‘फायनल’, ‘नवीन’, ‘फायनल२’ हे शब्द ग्राहकाकडे जाऊ देऊ नका. दोन फाइल मागेपुढे पोचल्या तर खरी कोणती ते कुणालाच सांगता येत नाही.

पट्टी पाश्चात्त्य नावाने लिहा. गायक काळी दोन म्हणाला तर फाइलवर डी शार्प. सुरावट यमनमध्ये असेल तर मेजर लिहून थांबू नका, तीव्र मध्यमामुळे वरून मेजरची कॉर्ड वाजवली तर ती खटकते. वर्णनात लिडियन लिहा आणि रागाचं नावही द्या. शोधशब्द भावनेचे आणि वापराचे हवेत: मिरवणूक, शेत, पाठलाग, सकाळ, अभिमान. ‘लोकसंगीत’ या एका शब्दावर ट्रॅक सापडत नाही. वाद्यांची नावं लिहाच. संबळ शोधणारा संबळच शोधतो.

वेव्ह फाइलमधले टॅग प्रत्येक सॉफ्टवेअर वाचेलच असं नाही. एमपी३ आणि एआयएफएफमध्ये ते जास्त भरवशाने टिकतात. म्हणून दोन गोष्टी करा: सगळ्या फाइलमध्ये टॅग भरा, किड३सारखं मोफत सॉफ्टवेअर एकाच वेळी अनेक फाइलना ते लावतं, आणि फोल्डरमध्ये एक साधी तक्त्याची फाइल ठेवा. तिच्यात प्रत्येक आवृत्तीची लांबी, आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक), संगीतकार, गीतकार, प्रकाशक, त्यांचे वाटे टक्क्यांत आणि आयपीआय (हक्कधारकाचा ओळख) क्रमांक. वाट्यांची बेरीज १०० येते ना, ते पाहा; अनेक याद्यांमध्ये ती येत नाही आणि पैसे तिथेच अडकतात. टॅगमधल्या टिप्पणीत तुमचा ईमेल हवाच. फाइल फोल्डरमधून सुटून एकटी फिरली तरी तुमच्यापर्यंत वाट राहते.

आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक रेकॉर्डिंगचा असतो, रचनेचा नाही. त्यामुळे मूळ, इन्स्ट्रुमेंटल, अंडरस्कोर प्रत्येकाला वेगळा द्या. आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांच्या रॉयल्टी संस्थेकडे रचना मात्र एकदाच नोंदवायची आणि आवृत्त्यांची नावं पर्यायी शीर्षकं म्हणून द्यायची. कार्यक्रमाच्या क्यू शीटवर (वापरलेल्या संगीताच्या यादीवर) निर्माते जे नाव लिहितात ते फाइलच्या नावावरूनच उचलतात. ते नाव नोंदणीशी जुळलं नाही तर प्रसारणाची रॉयल्टी तुमच्या खात्यापर्यंत पोचत नाही.

हक्कांची बाजू

बाजारातून घेतलेला लूप पूर्ण मिक्समध्ये वापरायला बहुतेक लायब्ररी परवानगी देतात, पण तोच लूप एकटा देणं बहुतेकांच्या अटींत बसत नाही. म्हणजे मूळ ट्रॅक बरोबर असूनही ‘नुसता ताल’ आवृत्ती किंवा तालाचा स्टेम अडचणीत आणू शकतो. शिवाय तोच लूप हजारो जणांनी वापरलेला असल्याने यूट्यूबच्या कंटेंट आयडी या संगीत ओळखणाऱ्या यंत्रणेत ग्राहकाच्या व्हिडिओवर दुसऱ्याचाच दावा येतो. त्या जागी खरी ढोलकी वाजवून घ्या, किंवा लूपवर दोन-तीन थर चढवूनच स्टेम द्या आणि लायब्ररीच्या अटी आधी वाचा.

संतांचे अभंग, जुन्या ओव्या यांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण ओळखीची चाल बहुधा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते, आणि भारतात रचनेचा कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. शब्द घ्या, चाल स्वतःची करा.

वादक आणि झीलकऱ्यांकडून सहीचा कागद त्याच दिवशी घ्या आणि त्यात सर्व आवृत्त्या, कट आणि स्टेम यांचा उल्लेख ठेवा. ग्राहकाच्या लायसन्सपत्रात आवृत्तीचं नाव, माध्यम, मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत धरला जातो. अमेरिकेतल्या मराठी निर्मात्याला ट्रॅक देताना हे गृहीत दोघांच्याही सोयीचं नसतं.

पाठवण्याआधी

चार फोल्डर: पूर्ण आवृत्त्या, कट आणि आघात, स्टेम, एमपी३, बाहेर तक्त्याची फाइल. स्टेम मागितल्यावरच पाठवा, पण तयार ठेवा. लिंक मुदत संपणारी नको. ग्राहक तीन महिन्यांनी ट्रॅक आठवून परत येतो तेव्हा ती उघडली पाहिजे.

झिप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून उघडा आणि प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटच्या शांततेपर्यंत हेडफोनवर ऐका. इन्स्ट्रुमेंटलमध्ये कुठे आवाज राहिलाय का, टेल कापली गेलीय का, कटच्या जोडावर टिकटिक आहे का, एवढंच ऐकायचं. सात पूर्ण आवृत्त्या, बारा कट आणि आघात मिळून या ट्रॅकसाठी साधारण पंचवीस मिनिटं लागतात. मग सातही आवृत्त्या टाइमलाइनवर एकाखाली एक लावा, दर आठ बारांनी एकीवरून दुसरीवर उडी मारत पूर्ण ट्रॅक वाजवा, आणि खाली एखाद्या माणसाचं साधं बोलणं ठेवा. ज्या उडीला कान टवकारले जातात, त्या आवृत्तीचा रेंडर पुन्हा काढा.